ऑडिओ केबलची पारख

ऑडिओ केबल : घरगुती स्टिरिओ संचातील उपकरणांमध्ये ध्वनिसंकेत वाहून नेणारी तार. रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर किंवा डीएसी (डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक) यांपासून अँप्लिफायरपर्यंत जाते ती इंटरकनेक्ट आणि अँप्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाते ती स्पीकर केबल. बाजारात मीटरमागे दहाएक रुपयांपासून जोडीमागे काही लाखांपर्यंत तिच्या किमती असतात. किमतीतल्या या अंतराइतके अंतर कानाला जाणवते का, हे ठरवण्याची साधने दोनच आहेत : मोजमाप, आणि कोणती केबल जोडली आहे हे ठाऊक नसताना केलेले श्रवण. चांगल्या केबलची कसोटी सोपी आहे. आलेला संकेत जसाच्या तसा पुढे पोचवते, त्यात भर घालत नाही आणि त्यातले काही गाळत नाही, ती चांगली केबल.

इतिहास : १९७०च्या दशकापर्यंत हाय-फाय संचाचे स्पीकर टेबललॅम्पच्या दुपदरी वायरनेच जोडले जात. स्पीकर केबल ही स्वतंत्र, नाममुद्रा असलेली वस्तू म्हणून विकण्याची प्रथा अमेरिकेत १९७९च्या सुमारास नोएल ली यांच्या मॉन्स्टर केबल या कंपनीने रुजवली. त्यानंतर चार-पाच वर्षांतच तिच्या परीक्षाही सुरू झाल्या. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने ऑगस्ट १९८३च्या अंकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी घेतलेली श्रवणचाचणी छापली. तीत २४ गेजची बारीक तार पिंक नॉइज या चाचणीध्वनीवर श्रोत्यांना वेगळी ओळखता आली. पण संगीत ऐकताना १६ गेजची दिव्याची वायर आणि जाड महाग केबल यांतला फरक त्यांना खात्रीने सांगता आला नाही. १९९१ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात केबल, स्पीकर आणि अँप्लिफायर यांच्या परस्परपरिणामांचा मोजमापांसह अभ्यास प्रसिद्ध केला. केबलचा विचार सुटा करता येत नाही, ती दोन टोकांच्या उपकरणांसह एकच मंडल बनते, ही त्यातली मुख्य दृष्टी आजही उपयोगी आहे.

विद्युत गुणधर्म : श्राव्य पट्ट्यात, म्हणजे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या मर्यादेत, केबलचे वर्तन तीन राशींवर ठरते : रोध, इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स. केबलमधून संकेत प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश वेगाने जातो. त्यामुळे २० किलोहर्ट्झच्या संकेताची केबलमधली तरंगलांबी सुमारे १० किलोमीटर भरते. पाच मीटरची केबल त्यापुढे नगण्य, म्हणून दूरध्वनीच्या लांब तारांना लागू पडणारे परावर्तनाचे प्रश्न घरात उद्भवत नाहीत.

स्पीकर केबलमध्ये रोध सर्वांत महत्त्वाचा. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर ५ मीटरवर असेल तर विजेला जाऊन-येऊन १० मीटर वाट चालावी लागते. या अंतराला ०.७५ चौ. मिमी.च्या तारेचा रोध सुमारे ०.२३ ओहम होतो, २.५ चौ. मिमी.चा ०.०७ ओहम. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ‘८ ओहम’ असे लिहिलेल्या स्पीकरचा संरोध (इम्पीडन्स) सर्व स्वरांना ८ ओहम नसतो. एका स्वराला तो ३ ओहमपर्यंत उतरतो, दुसऱ्याला २० ओहमपर्यंत चढतो. अशा स्पीकरला ०.७५ चौ. मिमी.ची तार लावली, तर संरोध उतरतो तिथे ०.६४ डेसिबल आणि चढतो तिथे ०.१ डेसिबल घट होते. म्हणजे स्वरांच्या समतोलात अर्ध्या डेसिबलहून किंचित जास्त फरक पडला. तो विस्तृत पट्ट्यावर पसरला असेल तर तयार कानाला जाणवू शकतो. २.५ चौ. मिमी.च्या तारेने हाच फरक ०.१७ डेसिबलवर येतो. केबलचा एकूण रोध स्पीकरच्या किमान संरोधाच्या ५ टक्क्यांच्या आत असावा, हा ठोकताळा म्हणूनच विश्वासार्ह आहे.

जाड केबल स्पीकरच्या पडद्याला ‘घट्ट धरते’ आणि खर्ज आवळला जातो, असे पुष्कळदा सांगितले जाते. यात तथ्य थोडे आहे. ८ ओहमच्या स्पीकरच्या आत व्हॉइस कॉइल म्हणून बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्याचाच रोध ६ ओहमच्या आसपास असतो. बाहेरच्या केबलचा रोध ०.०७ वरून ०.०३ ओहमवर आणला, तरी आतले ६ ओहम जिथल्या तिथे राहतात आणि पडद्यावरची पकड जवळजवळ तीच राहते.

५ मीटरच्या समांतर दुपदरी केबलचा इंडक्टन्स साधारण ३ मायक्रोहेन्री भरतो. २० किलोहर्ट्झला त्याचा विरोध ०.३८ ओहम असला, तरी तो ८ ओहमच्या रोधाशी काटकोनात मिळत असल्याने पातळी ०.०१ डेसिबलएवढीच घटते. वरच्या स्वरांना ज्यांचा संरोध १ ओहमपर्यंत घसरतो, अशा काही इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरांच्या बाबतीत मात्र इंडक्टन्सकडे लक्ष द्यावेच लागते.

इंटरकनेक्टमध्ये कपॅसिटन्सला महत्त्व असते. तो मीटरला १०० पिकोफॅरड धरला आणि उपकरणाचा निर्गम संरोध १ किलोओहम धरला, तर ५ मीटर केबलने उच्च स्वरांची घसरण ३०० किलोहर्ट्झच्या पुढे, ऐकू येण्याच्या कितीतरी पलीकडे सुरू होते. अपवाद रेकॉर्ड प्लेअरचा. त्याच्या सुईच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा इंडक्टन्स अर्धा हेन्री असेल आणि केबल व फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारे मंडल) मिळून कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड असेल, तर त्यांचा अनुनाद १६ किलोहर्ट्झजवळ येतो. कपॅसिटन्स ४०० झाला की तो ११ किलोहर्ट्झवर उतरतो आणि झांजेचा, तारसप्तकातल्या व्हायोलिनचा रंग खरोखर बदलतो. स्टिरिओ संचात केबल बदलल्याने आवाज बदलण्याची ही सर्वांत खात्रीची जागा आहे. तिथे उपयोग होतो तो केबलच्या किमतीचा नव्हे, कार्ट्रिज बनवणाऱ्याने दिलेल्या कपॅसिटन्सच्या आकड्याशी ती जुळवण्याचा.

डिजिटल केबलमधून आकडे जातात. सीडीच्या प्रतीचा स्टिरिओ ध्वनी सेकंदाला सुमारे १४ लाख बिट एवढा असतो. बिट नीट पोचले तर आवाज पूर्ण येतो; केबल सदोष असेल तर टकटक होते, आवाज तुटतो किंवा बंद पडतो. कोॲक्सियल डिजिटल जोडणीला ७५ ओहमची केबल लागते, एवढी अट पाळावी.

धातू आणि जडणघडण : विजेच्या कामाचे नेहमीचे तांबे ९९.९ टक्के शुद्ध असते, ऑक्सिजनमुक्त उच्च प्रतीचे ९९.९९ टक्के, वाहकतेत फरक सुमारे १ टक्का. चांदी तांब्यापेक्षा साधारण ६ टक्क्यांनी अधिक वाहक आहे. तेवढा लाभ तांब्याच्या तारेचा छेद ६ टक्के मोठा घेतल्यानेही मिळतो. वरच्या स्वरांना वीज तारेच्या पृष्ठभागालगत वाहते हे खरे, पण २० किलोहर्ट्झला तांब्यातली ही खोली ०.४७ मिमी. असते आणि २.५ चौ. मिमी.च्या तारेत त्यामुळे होणारी रोधाची वाढ परिणामाच्या दृष्टीने किरकोळ ठरते. आवरणावरचा बाण काही इंटरकनेक्टमध्ये सार्थ असतो : जाळीचे कवच एकाच टोकाला जोडलेले आहे, हे तो दाखवतो. तारेला मात्र दिशा नसते. संगीताचा संकेत प्रत्यावर्ती असतो, क्षणोक्षणी तो दोन्ही दिशांनी वाहतो.

खरी फसगत वेगळ्याच ठिकाणी होते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्पीकर केबल म्हणून सर्रास विकली जाते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के; म्हणजे जाडी तीच दिसली तरी रोध दीडपटीहून अधिक. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत केबल घेताना टोकाची एक काडी ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरा धातू दिसला तर ती केबल घेऊ नये. त्याच लांबीच्या तांब्याच्या तारेपेक्षा ती हाताला हलकीही लागते.

श्रवणचाचणी : केबल बदलून ‘आवाज खुलला’ असे सांगणारा श्रोता खोटे बोलत नसतो. त्याला फरक जाणवलेला असतो. प्रश्न तो कशामुळे जाणवला याचा. १० किलोहर्ट्झच्या स्वराची हवेतली तरंगलांबी ३.४ सेंटिमीटर असते, म्हणून मान जरा हलली तरी कानाशी पोचणारा आवाज बदलतो. केबल काढून लावण्यात मिनिट-दोन मिनिटे जातात, तेवढ्यात सूक्ष्म छटांची स्मृती पुसट होते. दोन पातळ्यांत ०.२-०.३ डेसिबलचा फरक असेल तर मोठा आवाज ‘मोठा’ न वाटता ‘सुरेख’ वाटतो. आणि डोळ्यांनी पाहिलेली वस्तू कानांवर प्रभाव पाडते. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकरांवर केलेल्या प्रयोगात तेच श्रोते स्पीकर दिसत असताना एक आणि पडद्याआड असताना दुसरीच गुणवारी देत असल्याचे आढळले.

या दोषांवर उपाय म्हणजे अज्ञात चाचणी. डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या एबीएक्स पद्धतीत श्रोता ए आणि बी हव्या तेवढ्या वेळा ऐकतो आणि समोर आलेला एक्स त्यांपैकी कोणता ते सांगतो. घरी ही चाचणी तिघांत करता येते. अँप्लिफायरमागे चादर टांगावी. एकाने दर फेरीला नाणे उडवून छापा आल्यास एक केबल, काटा आल्यास दुसरी जोडावी, चिठ्ठीवर नोंद करावी आणि न बोलता खोलीबाहेर जावे. मग दुसऱ्याने आत येऊन रेकॉर्डिंगचा तोच तुकडा लावावा आणि उत्तर टिपावे. जोडणी त्यालाही ठाऊक नसावी, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही. श्रोत्याची खुर्ची हलू नये. अँप्लिफायरच्या आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावावी. दोन केबलांना स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा, १.२ टक्क्यांचा फरक म्हणजे ०.१ डेसिबल. अशा १६ फेऱ्या कराव्यात. निव्वळ अंदाजाने सरासरी ८ उत्तरे बरोबर येतात. १२ किंवा त्याहून अधिक बरोबर येण्याची योगायोगाने शक्यता ३.८ टक्के, म्हणजे साधारण २६ चाचण्यांत एकदा. तेव्हा १२ आल्यास चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. तसेच आले तर फरक खरा मानावा आणि त्याचे कारण मीटरने शोधावे.

परीक्षेच्या ताणाने कान बिचकतात, असा आक्षेप घेतला जातो. तो विचारात घेण्याजोगा आहे आणि त्याला वाट करून देता येते. घाई नको असेल त्याने एक केबल आठवडाभर ऐकावी. अट एकच : कोणती जोडली आहे ते त्याला कळता कामा नये.

घरघर आणि निगा : केबलला दोष दिला जातो अशी सर्वांत सामान्य तक्रार स्पीकरमधल्या घरघरीची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही घरघर ५० आणि १०० हर्ट्झची असते. उपकरणे दोन ठिकाणी अर्थ झालेली असली, की इंटरकनेक्टच्या कवचातून वीज फिरते. टीव्हीला आलेली केबलवाल्याची तार काढून पाहावी. घरघर थांबली, तर चूक त्या दुहेरी अर्थिंगची. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेणे किंवा सोय असल्यास एक्सएलआरची बॅलन्स्ड जोडणी वापरणे, हे उपाय आहेत. प्लगची अर्थपिन काढून घरघर घालवणे जिवावर बेतू शकते. ते कधीही करू नये.

कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो आणि जोड सैल झाले की आवाज खरखरतो. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा सरल्यावर, संच बंद करून जोड काढावेत, पुसावेत, काळवंडलेले टोक कापून नवे सोलावे आणि पेच घट्ट आवळावेत. जुन्या संचाचा आवाज एवढ्याने सुधारल्याचे पुष्कळदा दिसते. त्याचे श्रेय नव्या केबलला जाऊ देऊ नये.

निष्कर्ष : स्पीकरच्या प्रतिसादात ३ डेसिबलचा चढ-उतार सामान्य मानला जातो, खोलीच्या भिंती खर्जात १० डेसिबलहून मोठे चढ-उतार घडवतात. योग्य जाडीच्या दोन केबलांतला फरक ०.१-०.२ डेसिबलच्या घरात राहतो. केबल सुबक असावी, तिचे जोड मजबूत असावेत, ती हाताळताना आनंद व्हावा, ही इच्छा गैर नाही आणि त्यासाठी कोणी जास्त पैसे दिले तर तो त्याचा हक्क आहे. मात्र आवाजासाठी खर्च करणाऱ्याने हा क्रम पाळावा : आधी स्पीकर, मग खोलीतले पडदे, गालिचा आणि स्पीकरची जागा, मग चांगली रेकॉर्डिंग. केबलपुरते बोलायचे, तर ५ मीटरपर्यंत अंतर असलेल्या बहुतेक घरांना २.५ चौ. मिमी.ची अस्सल तांब्याची केबल पुरते.