मुंबई किती दूर?

दाबोळीहून मुंबई आकाशमार्गे सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. विमान सुटल्यापासून टेकेपर्यंत तासभर, फार तर सव्वा तास. मुंबईवर गर्दी असली की तेवढाच वेळ वर घिरट्या घालण्यात जातो, ती गोष्ट वेगळी. पण हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरच होते असे मात्र नेहमीच नव्हते.

आपल्या आजोबा-पणजोबांची मुंबई बोटीची. भाऊच्या धक्क्यावरून निघायचे, कोकणातली बंदरे घेत घेत दुसऱ्या दिवशी पणजीला. नाहीतर मुरगाव, कॅसलरॉक, लोंढा, मिरज, पुणे असा आगगाडीचा वळसा. दोन्हीत दिवस मोडायचा, पण वाट उघडी होती. गिरगावात बिऱ्हाड आणि धोबी तलावच्या कुडीत पथारी टाकलेला गोंयकार देवाच्या जत्रेला किंवा फेस्ताला घरी पोचत असे.

1955 मध्ये ही वाट तुटली. 15 ऑगस्टला सीमेवर सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. भारताने आर्थिक नाकेबंदी आवळली आणि रेल्वेही थांबली. परवाना मिळालाच तर माजाळीकडून पोळेला पायी यायचे. मुंबईत मुलगा आणि गोव्यात आई, अशी किती घरे त्या सहा वर्षांत ताटकळली असतील!

आणि गंमत बघा, गोव्यात विमान आले ते नेमके याच काळात. नाकेबंदीला उत्तर म्हणून पोर्तुगीजांनी दाबोळीच्या पठारावर धावपट्टी बांधली. दमण आणि दीवलाही बांधल्या. 1955 मध्येच 'ताईप' ही पोर्तुगीज हिंदुस्थानची विमान कंपनी निघाली. तिची विमाने भारताची हद्द टाळून समुद्रावरून उडत. दमण मुंबईच्याही उत्तरेला दीडशेएक किलोमीटरवर, म्हणजे दमणला जाणारे विमान मुंबईला वळसा घालून पुढे जायचे. उतरायचे मात्र नाही. बाहेरच्या जगाकडे जाण्याची मोठी खिडकी होती कराची, दाबोळीपासून साडेबाराशे किलोमीटरवर! मुंबईच्या तिप्पट लांब. पण त्या वर्षांत गोव्याहून विमानात बसणाऱ्याला कराची मुंबईहून जवळ होती. नकाशा हातात धरून हे पटवायला बसलात तर शाळकरी पोर हसेल.

18 डिसेंबर 1961 ला भारतीय कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. उभी असलेली दोन नागरी विमाने मात्र वाचली. रात्री घाईघाईने खड्डे बुजवून पोर्तुगीजांनी ती उडवली. गेली कुठे? कराचीलाच. दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला.

पुढे दाबोळी नौदलाकडे गेली, मुंबईची विमाने सुरू झाली. सामान्य माणूस मात्र कोकण सेवक, कोकण शक्ती या बोटींनी, नाहीतर एसटीच्या रातराणीने हाडे मोडून घेतच राहिला. त्याचे अंतर खऱ्या अर्थाने कमी केले 1998 च्या कोकण रेल्वेने. 2023 पासून वंदे भारत मडगावला आठेक तासांत आणते. पावसाळ्यात गाड्या सावकाश चालतात, तेव्हा जास्त.

2023 च्या जानेवारीत मोपा सुरू झाले. तिथून मुंबई हवेतून चाळीसेक किलोमीटर जवळ. पेडणेकर खूश. काणकोणकराला मात्र आधी उभा गोवा ओलांडून मोपाला पोचायचे आहे. विमानाच्या तासापेक्षा जास्त वेळ त्याचा टॅक्सीतच जातो.