फड्या निवडुंगाचे फळ : रंग रक्ताचा, लोह नावापुरते

सुरत शहराच्या दक्षिण भागातील पांडेसरा ही कापडाच्या रंगाई-छपाईची वसाहत. येथील गिरण्यांनी आणि लगतच्या उधना, लिंबायत परिसरातील यंत्रमागांनी धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य मराठी कुटुंबांना रोजगार दिला. तापीच्या खोऱ्यातून जाणारा उधना-जळगाव लोहमार्ग ही त्यांची येण्याजाण्याची वाट. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते, यावरून या वस्तीचा विस्तार ध्यानी यावा. खानदेशात शेताच्या बांधावरील काटेरी कुंपण म्हणून या कुटुंबांना परिचित असलेल्या फड्या निवडुंगाचेच फळ गुजरातेत ‘फिंडला’ या नावाने ओळखले जाते. कच्छ आणि सौराष्ट्र हे त्याचे मुख्य प्रदेश. तेथील या फळाचा गडद लाल रस आता बाटलीबंद स्वरूपात सर्वत्र मिळतो आणि ‘हिमोग्लोबिन वाढवणारा’ अशी त्याची ख्याती आहे.

या ख्यातीची शहानिशा होणे आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त महिलांचे प्रमाण गुजरातमध्ये ६५ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के, तर गोव्यात ३९ टक्के आढळले. गोव्याचा आकडा तुलनेने कमी असला, तरी पाच महिलांमागे जवळजवळ दोघी असा त्याचा अर्थ होतो. एवढ्या मोठ्या संख्येने लोक ज्या विकाराने ग्रासले आहेत, त्यावर एखादे फळ खरोखर किती उपयोगी पडते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

कोणता निवडुंग?

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द दोन सर्वस्वी भिन्न कुळांतील वनस्पतींसाठी वापरला जातो आणि घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. फड्या निवडुंग, म्हणजेच नागफणी, हा कॅक्टस कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव ओपन्शिया आहे. त्याचे कांड हिरव्या, चपट्या, हाताच्या पंजासारख्या फड्यांचे असते. फडा कापल्यास त्यातून पारदर्शक, बुळबुळीत स्राव निघतो. फळ अंडाकृती व पिकल्यावर लाल-जांभळे होते.

त्रिधारी निवडुंग, थोर आणि शेर या वनस्पती मात्र एरंड कुळातील, युफोर्बिया गणातील आहेत. त्यांना इजा होताच पांढरा चीक पाझरतो. हा चीक विषारी असून त्वचेवर फोड आणतो आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर दाह निर्माण करतो. कोणत्याही ‘निवडुंगा’चा भाग तोंडात घालण्यापूर्वी पांढरा चीक येतो की नाही, हे पाहणे ही पहिली कसोटी होय. चीक आल्यास ती वनस्पती खाण्याची नव्हे.

फड्या निवडुंगाला आयुर्वेदातील ‘स्नुही’ ठरवून त्याच्या गुणांचे दाखले चरकसंहितेतून देण्याची प्रथाही याच गोंधळातून पडली. स्नुही ही युफोर्बिया गणातील वनस्पती असून चरकसंहितेत ती तीव्र विरेचक म्हणून येते. ओपन्शिया ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती आहे. युरोपीय दर्यावर्दी तेथे पोहोचण्यापूर्वी ती भारतात नव्हती, त्यामुळे प्राचीन संहितांत तिचा उल्लेख असण्याचा संभव नाही. तिच्या एका प्रजातीच्या ‘फायकस-इंडिका’ या शास्त्रीय नावात ‘इंडिका’ असले, तरी तेथे ‘इंडीज’ म्हणजे अमेरिकेकडील बेटे अभिप्रेत आहेत.

रंगासाठी आली, कुंपण होऊन राहिली

या वनस्पतीचा भारतातील इतिहास रंगाच्या व्यापाराशी जोडलेला आहे. ओपन्शियावर वाढणाऱ्या कोचिनील या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. स्पेनच्या मक्तेदारीला शह देण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने हा किडा भारतात रुजवण्याचा प्रयत्न केला. १७९५ मध्ये ब्राझीलहून जो किडा आणला गेला, तो मात्र उत्तम रंग देणाऱ्या जातीचा नव्हता. त्याच्यापासून रंग फारसा मिळाला नाही, पण त्याने निवडुंगाच्या एका प्रजातीचा मोठ्या प्रमाणावर फडशा पाडला. किड्याद्वारे तणाचे नियंत्रण होण्याचे जगातील हे पहिले उदाहरण मानले जाते.

इतर प्रजाती टिकून राहिल्या आणि पडीक जमीन, गायराने व गावकुसाची कुंपणे व्यापत गेल्या. अखेर १९२६ मध्ये कोचिनीलचीच दुसरी जात भारतात आणून त्यांच्यावर सोडण्यात आली. दक्षिण भारतासह अनेक भागांतील निवडुंगाची रानेच्या राने त्यानंतर विरळ झाली. कोरड्या हवेच्या कच्छ-सौराष्ट्रात मात्र ओपन्शिया एलाटिओर ही प्रजाती कुंपणांवर आजही विपुल आढळते. फिंडला हे तिचेच फळ.

दुष्काळात गुरांच्या वैरणीसाठी काटे जाळून फडे वापरण्याचे प्रयोग ब्रिटिश काळातच झाले होते. अलीकडे बिनकाट्यांच्या निवडुंगाची लागवड वैरणीसाठी करण्याचे प्रयत्न जोधपूरची केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आणि महाराष्ट्रातील ‘बाएफ’ यांसारख्या संस्था करीत आहेत. मेक्सिकोत तर कोवळे फडे ही रोजच्या जेवणातील भाजी आहे.

फळात आणि फड्यात काय असते?

ओपन्शियाच्या खाद्य फळांच्या १०० ग्रॅम गरात साधारण ८७ ग्रॅम पाणी असते. त्यातून सुमारे ४१ किलोकॅलरी ऊर्जा, ९.६ ग्रॅम कर्बोदके, ३.६ ग्रॅम तंतुमय पदार्थ, १४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, २२० मिलिग्रॅम पोटॅशियम, ८५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ५६ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. हे आकडे प्रामुख्याने लागवडीखालील फायकस-इंडिका प्रजातीचे आहेत. प्रजाती, जमीन आणि फळाची पक्वता यांनुसार त्यांत फरक पडतो. तंतू व मॅग्नेशियम यांच्या दृष्टीने हे फळ निश्चितच चांगले आहे.

कोवळ्या फड्यात कॅलरी त्याहून कमी, १०० ग्रॅममागे सुमारे १६, आणि कॅल्शियम १६० मिलिग्रॅमच्या आसपास असते. परंतु फड्यातील ऑक्झलेट या कॅल्शियमचा मोठा भाग बांधून ठेवते. तो शरीराला मिळत नाही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी फड्यांची भाजी टाळणे हिताचे.

लाल रंगाचा उलगडा

फिंडल्याच्या रसाचा रंग पाहताच रक्ताची आठवण होते. ‘रक्तासारखे ते रक्तवर्धक’ हा समज जगातील अनेक लोकवैद्यक परंपरांत आढळतो. प्रत्यक्षात रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त घटकामुळे येतो, तर फिंडल्याचा रंग बीटालेन या वनस्पतिज रंगद्रव्यामुळे. बीटालेनमध्ये लोह नसते. बीट आणि गोव्याच्या बाजारात मिळणारी तांबडी भाजी यांचा रंगही याच रंगद्रव्य-गटातील आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही तिन्ही एकाच श्रेणीतील (ऑर्डर) आहेत. तांबड्या भाजीत लोह पुष्कळ असते, पण ते तिच्या पानांचे वैशिष्ट्य आहे. रंगाशी त्याचा संबंध नाही.

बीटालेनमध्ये ऑक्सिडीकरणविरोधी गुण आहेत, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. फिंडला अधिक प्रमाणात खाल्ल्यास काहींच्या लघवीला लालसर छटा येते, ती याच रंगद्रव्याची. ती सहसा निरुपद्रवी असते. मात्र फळ खाल्लेले नसताना किंवा रंग टिकून राहिल्यास तपासणी करून घ्यावी.

हिमोग्लोबिनचा हिशेब

१०० ग्रॅम गरात लोह असते अवघे ०.३ मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. केवळ या फळावर ती गरज भागवायची झाल्यास साडेनऊ किलोंहून अधिक गर खावा लागेल. एखाद्या प्रजातीत लोह याच्या पाचपट आहे असे गृहीत धरले, तरी पेलाभर पाण्यात मिसळलेल्या दोन-तीन चमचे रसातून मिळणारा वाटा नगण्यच राहतो. याउलट शासकीय आरोग्य केंद्रांत प्रौढ स्त्रियांना मोफत मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्यासाठी सुमारे २० किलो गर लागेल.

फिंडल्याच्या रसाने प्रयोगशाळेतील उंदरांचे हिमोग्लोबिन वाढल्याचे दाखले दिले जातात. अशा प्रयोगांत बहुधा घातक रसायन देऊन प्राण्याचे रक्त कमी केलेले असते. वर्षानुवर्षे अपुरा आहार, मासिक पाळीतील रक्तस्राव वा बाळंतपणे यांतून आलेल्या रक्तक्षयाशी त्याची तुलना थेट करता येत नाही.

म्हणून फळ निरुपयोगी ठरते असे नाही. धान्य, कडधान्ये व पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्व साहाय्य करते. बाजरीची भाकरी खानदेशी घरांत मुरलेली आहे. बाजरीत १०० ग्रॅममागे सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘इक्रिसॅट’च्या सहकार्याने विकसित केलेले ‘धनशक्ती’ हे वाण तर लोहसमृद्ध म्हणूनच प्रसिद्ध आहे. अशा जेवणासोबत ताजा फिंडला खाल्ला, तर तो त्या लोहाचा सहायक ठरू शकतो. गोव्यात हेच काम लिंबू, पेरू किंवा आवळा अधिक स्वस्तात आणि अधिक चांगले करतात. जेवणालगत चहा घेतल्यास मात्र हा लाभ बराचसा वाया जातो.

तपासणीला पर्याय नाही

गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा, गर्भवतीचे ११ पेक्षा आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असल्यास तो रक्तक्षय मानला जातो. त्याचे कारण नेहमी लोहाची कमतरता हेच असते असे नाही. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आणि नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. पांडेसऱ्यातील अनेक कुटुंबांचे मूळ याच प्रदेशात आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशीच लवकर नष्ट होतात. तेथे रसाचा उपयोग नाही आणि वैद्यकीय सल्ल्याविना लोह घेत राहणेही योग्य नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीची सोय आहे.

गरोदरपणात विलंब सर्वाधिक महाग पडतो. शासकीय कार्यक्रमानुसार गर्भवतीने लोहाची गोळी १८० दिवस रोज घ्यावयाची असते. मळमळ वा बद्धकोष्ठता झाल्याने गोळी सोडून रसाकडे वळणाऱ्या स्त्रीच्या हाती गोड चव तेवढी येते आणि बाळंतपणातील रक्तस्रावाला सामोरे जाण्याची शक्ती मात्र उणी राहते. गोळी रात्री जेवणानंतर घेणे आणि त्रास होत असल्यास आरोग्यसेविकेला वा डॉक्टरांना सांगणे, हा सुरक्षित मार्ग आहे. फिंडला आवडत असेल तर तो गोळीच्या जोडीला घ्यावा, तिच्या जागी नव्हे.

मधुमेह आणि फडे

भाजलेल्या फड्यांनी दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तशर्करा उतरते, असे मेक्सिकोतील काही छोट्या अभ्यासांत दिसले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात रुग्णांना ५०० ग्रॅम भाजलेले फडे देण्यात आले होते. हा परिणाम फड्यांचा, म्हणजे त्यांतील तंतू व बुळबुळीत द्रव्याचा आहे. बाटलीतील साखर घातलेल्या रसाला तो लागू होत नाही. गोड सरबताने मधुमेहींची शर्करा वाढेलच. साखर उतरवणारी औषधे चालू असताना फडे नियमित खाणाऱ्यांनी डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी, कारण दोहोंच्या एकत्रित परिणामाने शर्करा प्रमाणाबाहेर उतरू शकते.

खाताना घ्यावयाची काळजी

फळावरील मोठ्या काट्यांपेक्षा केसासारखी बारीक कुसळे अधिक त्रासदायक असतात. ती उलट्या दात्यांची असल्याने त्वचेत, जिभेत वा डोळ्यांत रुतून बसतात. फळ चिमट्याने धरून विस्तवावर फिरवावे, कुसळे जळाल्यावर गोणपाटावर घासावे, धुवावे आणि मगच साल काढावी. हात डोळ्यांना लावू नयेत. रस कापडातून गाळून घ्यावा.

बिया कठीण असतात. मुलांनी बियांसह पुष्कळ फळे खाल्ल्याने मलाशयात बियांचा गोळा अडकून शौच बंद झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच हे फळ खावे. बाटलीवरील घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. तेथे साखरेचे नाव प्रथम असेल, तर ते साखरेचे लाल सरबत आहे असे समजावे.

फड्या निवडुंग कमी पाण्यात तगतो, गुरांना वैरण देतो आणि माणसाला तंतुमय, चवदार फळ देतो. त्याचे हे गुण पुरेसे आहेत. रक्त कमी असल्याची शंका असेल, तर प्रथम हिमोग्लोबिनची तपासणी, मग कारणाचा शोध आणि त्यानुसार उपचार हाच क्रम योग्य. फिंडल्याचे स्थान ताटात आहे, औषधाच्या डब्यात नाही.