ड्युकोचं घराणं

इलेक्ट्रिक गिटारचं किट आणून घरी जोडणाऱ्या पुणेकराचं घोडं अडतं ते रंगापाशी. मान चार स्क्रूंनी धडाला बसते, पिकअपच्या तारा सोल्डर करता येतात. पण कोऱ्या लाकडावर मोटारीसारखी झळाळी आणायची, तर नाना पेठेच्या आसपासचा एखादा गाड्या रंगवणारा गाठावा लागतो. तो विचारतो, "ड्युको मारायचाय का?" नकळत तो गिटारच्या मूळ घराण्याचंच नाव घेत असतो.

ड्युको हा अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीचा मोटारींचा रंग. हे नाव १९२३ चं. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. स्क्रूंनी बसणारी मान त्यानं १९५० मध्ये बाजारात आणली. आजची किटं त्याच युक्तीवर उभी आहेत. पुढे त्याच्या कारखान्यानं पाच टक्के जादा आकारून गिटारींना थेट मोटारींचे रंग दिले. त्यातला फिएस्टा रेड हा लाल रंग आपण १९५७ च्या सुमारास जवळच्या दुकानात घोटून घेतला, असं फेंडरचे सहकारी जॉर्ज फुलर्टन सांगत. मला हे पटत नाही. १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डवर तो रंग आधीच होता. तयार डबा मिळत असताना घोटत कोण बसेल?

खरी गंमत डब्याच्या आत आहे. ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेला पदार्थ. नायट्रोजन जास्त चढवला की त्याचं गनकॉटन होतं, म्हणजे स्फोटक. कमी चढवला की सिनेमाची फिल्म किंवा लॅकर. ही तिन्ही भावंडं पुण्यात नांदून गेली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तिथल्या .३०३ काडतुसांतल्या कॉर्डाइटमध्ये गनकॉटन असे. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या 'प्रभात'चे चित्रपट नायट्रेट फिल्मवरच निघाले. त्याच आवारात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, ८ जानेवारी २००३ ला आग लागली आणि जुनी नायट्रेट रिळं जळून गेली. तिसरं भावंड गॅरेजमध्ये, स्प्रेगनमध्ये.

ड्युकोच्या जन्माची एक गोष्ट सांगतात. १९२० च्या जुलैच्या सुट्टीत ड्यूपाँच्या फिल्म कारखान्यात एक पिंप तसंच राहिलं आणि आतलं घट्ट द्रावण पातळ झालं; मग त्यात भरपूर रंगद्रव्य मावू लागलं. गोष्ट गोड आहे. पण माझा कौल महायुद्धाकडे. युद्ध संपल्यावर दारू बनवणाऱ्या कंपनीकडे नायट्रोसेल्युलोज करण्याची अवाढव्य क्षमता रिकामी पडली होती. पिंप नसतं, तर दुसरं काही निमित्त झालं असतं.

"नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं, आवाज खुलतो," असं शौकीन छातीठोक सांगतात. साठच्या दशकात फेंडरच नायट्रोखाली फुलरप्लास्टचा कडक थर देत होता, हे मात्र सांगत नाहीत. फेंडरला हवं होतं ते झटपट वाळणं. गिटारचं घराणं ड्युकोचं, या माझ्या सिद्धान्तालाही एक भोक आहेच: लेक प्लॅसिड ब्लूसारखे चमकीचे रंग ड्युको नव्हते, ते ल्युसाइट, म्हणजे ॲक्रिलिक.

पुण्यात ड्युको हा शब्द मुंबईच्या मोटार गॅरेजांतून घाट चढून आला असणार. फर्निचरवाल्यांनी तो गॅरेजवाल्यांकडून उचलला. काम मात्र सावकाशीचं. लांबी भरा, पॉलिश पेपर मारा, सीलर द्या, मग पातळ हात, अधूनमधून वॉटर पेपर, शेवटी रबिंग कंपाउंड. आषाढ-श्रावणात हात लावू नये; दमट हवेत लॅकर दुधासारखं पांढरं पडतं. आणि डबा नीट वाचावा. हल्ली ड्युको म्हणून पीयूही, म्हणजे पॉलियुरेथेन, मारतात. त्यात हार्डनर मिसळावा लागतो, आणि एनसीचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा, थिनर त्याला चालत नाही.