अरणगांवचें मौन आणि लंडनचा ध्वनिवर्धक

अहिल्यानगरच्या दक्षिणेस, दौंडच्या रस्त्यावर अरणगांव आहे. तेथील मेहेराबादेंत मेहेरबाबांनीं १० जुलै १९२५ रोजीं मौन धारण केलें. तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत सुटलें नाहीं. त्यांच्या समाधीच्या दर्शनास १९७२ सालीं पीट टाउनशेंड हा इंग्रज गिटारवादक आला. 'द हू' या वाद्यवृंदाचा हा वादक कानठळ्या बसविण्याविषयीं प्रसिद्ध! योगायोग विलक्षण खरा. परंतु त्यावरून तत्त्वज्ञान काढण्यापेक्षां त्याच्या वाद्यामागचें यंत्र उघडून पाहणें अधिक बोधप्रद होईल.

१९६२ सालीं लंडनच्या हॅनवेल भागांतील जिम मार्शल यांच्या दुकानांत केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनीं गिटारचा ध्वनिवर्धक जुळविला. नमुना अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या 'बासमन'चा. बहुतेक नक्कलच म्हणावयाची. मात्र पहिल्या जागीं १२एवाय७ऐवजीं अधिक वर्धन करणारा ईसीसी८३ व्हॉल्व्ह बसविला. पुढें १९६५ च्या सुमारास टाउनशेंड व त्याचा सहकारी जॉन एन्टविसल यांनीं १०० वॅटचें यंत्र मागितलें. त्यासाठीं आठ कर्ण्यांची एकच पेटी केली. ती उचलतां उचलतां हमाल थकले, तेव्हां तिचे दोन भाग करावे लागले.

या यंत्रावर तार, मध्य व खर्ज अशा स्वरपालटाच्या तीन कळा असतात. कळ वाढविली कीं तो स्वर निर्माण होतो, हा समज सार्वत्रिक आहे. तो चुकीचा आहे. हें मंडल कांहींएक भर घालीत नाहीं, केवळ वजाबाकी करतें. २५० पिकोफॅरडचा लहान कंडेन्सर उंच स्वरांस वाट देतो. उरलेले स्वर ५६ हजार ओहमच्या रोधकांतून जातात. त्या रोधकाच्या जागीं ३३ हजारांचा घातला, कीं मधले स्वर पुढें येतात. मार्शलच्या पुढच्या यंत्रांत तेंच केलेलें आढळतें. तिन्ही कळा शून्यावर आणल्या, तर कर्णा जवळजवळ मुका होतो.

रोधकावर मात्र दोन हिशेब असतात. ओहम सांगतो अडवणूक किती; वॅट सांगतो उष्णता किती सोसेल. व्हॉल्व्हच्या प्लेटवरील एक लाख ओहमच्या रोधकावर १०० व्होल्ट पडले, तर व्होल्टांच्या वर्गास ओहमांनीं भागून एकदशांश वॅट येतो. तेथें अर्ध्या वॅटचा रोधक निश्चिंत राहतो. परंतु शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हांच्या पडद्याच्या जाळीस जोडलेले रोधक जोराच्या वादनांत फार तापतात. तेथें ओहम जुळले म्हणून बारीक रोधक घालणारा कारागीर धुराला आमंत्रण देतो. उलट, वॅट जुळवून ओहम चुकविणाऱ्याचें यंत्र पुष्कळदां जळत नाहीं, पण त्याचा कंठ बदलूं शकतो. हा दुसरा अपघात सहज लक्षांतही येत नाहीं. शिवाय वीज काढून घेतल्यावरही आंतील मोठे कंडेन्सर प्राणघातक भार धरून असतात. अनभिज्ञानें झांकण उघडूं नये.

रोधकाला सहनशक्तीचा आंकडा असतो, तसा कानालाही आहे, ही गोष्ट त्या वादकांनीं हिशेबांत धरली नाहीं. ३१ मे १९७६ रोजीं लंडनच्या चार्लटन मैदानावर 'द हू'चा आवाज ३२ मीटरांवर १२६ डेसिबल मोजला गेला. आपली श्रवणशक्ति दुखावल्याचें टाउनशेंडनें पुढें स्वतःच जाहीरपणें सांगितलें. मेहेराबादेंत दर ३१ जानेवारीस दुपारीं १२ ते १२-१५ हजारों भक्त मौन पाळतात.