कोनाड्यातले पुस्तक

तीन वर्षांपूर्वी आमच्या वाडीतले जुने कौलारू घर उतरवून तेथे नवे घर बांधायचे ठरले. तरुण अभियंता आराखडा घेऊन आला आणि घरातली सारी माणसे जेवणाच्या टेबलाभोवती जमली. दूरदर्शन संच कोणत्या भिंतीला, फ्रिज कोठे, कपडे धुण्याचे यंत्र कोठे, वेदीसाठी कोणता कोपरा, असे एकेक प्रश्न सुटत गेले. शेवटी माझ्या शाळकरी नातीने विचारले, "आणि पणजीचा कोनाडा कुठे?" कोणीच काही बोलले नाही.

जुन्या घराच्या भिंती जाड होत्या. ओटीवरच्या खिडकीशेजारी भिंतीतच हातभर रुंदीचा एक कोनाडा होता आणि त्याखाली लाकडी बाकडे. माझ्या आईचे बायबल, प्रार्थनेचे पुस्तक, चष्म्याचे घर आणि चार-पाच जुनी पुस्तके त्या कोनाड्यात असत. दुपारची कामे आटोपली की ती तेथे बसे. अर्धा तास, कधी तेवढाही नाही. त्या वेळात तिला हाक मारायची नाही, असा नियम कोणी घालून दिला नव्हता. पण सर्वजण तो पाळीत.

नातीच्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही. माझ्या मनात मात्र तो घर करून राहिला. घरात वाचनासाठी वेगळी जागा असावी, ही कल्पना मुळात आली कोठून? ती केवळ सधनांची हौस आहे, की तिच्यामागे आणखी काही आहे? ख्रिस्ती परंपरेच्या इतिहासात तिचा माग काढताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

इ.स. ३८४ मध्ये ऑगस्टीन नावाचा तरुण वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक म्हणून मिलान शहरात आला. तेथील बिशप होते संत अम्ब्रोज. त्यांच्या दाराशी कोणाला अडवीत नसत, आलेल्याची वर्दीही देत नसत. ऑगस्टीनच्या मनात शंकांचे काहूर होते आणि बिशपांना विचारायचे पुष्कळ होते. परंतु तो आत जाई तेव्हा अम्ब्रोज वाचीत बसलेले असत. त्यांची दृष्टी पानावरून फिरत असे, जीभ मात्र स्तब्ध असे. आलेली माणसे काही वेळ मुकाट्याने बसत आणि तशीच निघून जात. आपल्या 'कन्फेशन्स' या आत्मकथनाच्या सहाव्या भागात संत ऑगस्टीनने हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे. त्या काळी मोठ्याने वाचण्याचा प्रघात होता. मनात वाचणे अगदीच अज्ञात होते असे नाही, हे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मला या प्रसंगात लक्षणीय वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. अम्ब्रोज यांच्यापाशी बंद दार नव्हते, आडोसा नव्हता. माणसांच्या राबत्यातच ते वाचीत होते. त्यांच्याभोवती वाचनाची जागा निर्माण केली ती भेटायला आलेल्यांच्या मौनाने.

दोन वर्षांनी, ३८६ साली, मिलानमधल्याच एका बागेत ऑगस्टीनने प्रेषित पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले आणि रोमकरांस पत्रातला एक उतारा वाचला. तेथून त्याच्या आयुष्याला वळण मिळाले. तो उतारा त्याने मनातल्या मनातच वाचला, हेही त्याने आवर्जून लिहून ठेवले आहे.

पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली तयार केली. तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात हाताच्या कामाचे तास ठरवून दिले आहेत, तसेच वाचनाचेही. प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी प्रत्येकाला एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्या पानापासून क्रमाने वाचावा, असा दंडक आहे. वाचनाच्या वेळी कोणी आळसात किंवा गप्पांत रमलेला नाही ना, हे पाहण्यासाठी एक-दोन वडीलधाऱ्यांनी मठात फेरी मारावी, असेही सांगितले आहे. दुपारच्या जेवणानंतर सर्वांनी आपापल्या बिछान्यावर शांतपणे विसावावे. कोणाला वाचायचे असेल तर खुशाल वाचावे, मात्र इतरांना त्रास होणार नाही अशा बेताने वाचावे, ही सूचना तर कोणत्याही भरल्या घराला लागू पडावी. एकाच दालनात एकाला झोप हवी असते, दुसऱ्याला ग्रंथ हवा असतो. दोघांचीही सोय नियमाने पाहिली आहे.

या शिस्तीतून हळूहळू वाचनाची जागा आकाराला आली. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे बेनेडिक्टाइन संघाचा मोठा मठ होता. मठाच्या मधल्या चौकाला वेढणाऱ्या दगडी व्हरांड्याच्या दक्षिण बाजूस चौदाव्या शतकातली २० चिमुकली दालने आजही पाहायला मिळतात. एका माणसाला बसता येईल एवढेच प्रत्येक दालन आणि त्याला उजेडासाठी स्वतःची एक खिडकी. आमच्या ओटीवरच्या कोनाड्याचे हे जणू दगडी पूर्वज. परंतु १५४० साली, राजा आठवा हेन्री याच्या कारकिर्दीत, तो मठ विसर्जित झाला आणि मठवासी पांगले. मठाचे देवालय पुढे कॅथीड्रल झाले, दालने शाबूत राहिली. त्यांत बसून वाचण्याचा परिपाठ मात्र संपला.

वाचनाच्या जागेचा इतिहास हा बराचसा उजेडाचा इतिहास आहे. वीज नव्हती, मेणबत्ती महाग होती आणि तेलाचा दिवा काजळी धरी. म्हणून वाचणारा नेहमी खिडकीच्या आश्रयाला गेला. वय झाले की उजेडही पुरेनासा होतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा तयार होऊ लागला आणि कित्येक वृद्ध डोळ्यांना पुस्तक परत मिळाले. त्रेविझो येथील डॉमिनिकन मठात तोमासो दा मोदेना या चित्रकाराने १३५२ साली भिंतीवर त्या संघातील थोर पुरुष आपापल्या मेजाशी बसलेले रंगविले. त्यांतील कार्डिनल ह्यू यांच्या नाकावर चष्मा आहे. वास्तविक हे कार्डिनल १२६३ मध्ये, चष्म्याचा शोध लागण्यापूर्वीच, निवर्तले होते. चित्रकाराच्या काळी विद्वान आणि चष्मा यांची सांगड इतकी पक्की झाली होती की, तिच्यापुढे कालगणना मागे पडली.

मठातून ही जागा घरात आली ती पंधराव्या-सोळाव्या शतकांत, आणि तीही प्रथम श्रीमंतांच्या घरात. इटलीतील उर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो याने आपल्या प्रासादात १४७६ च्या सुमारास एक अभ्यासिका सजविली. प्रासाद विशाल, पण ही खोली जेमतेम बारा फूट लांब-रुंद. भिंतींच्या खालच्या भागावर निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जडवून अर्धवट उघडी कपाटे, त्यांतले ग्रंथ आणि वाद्ये अशी हुबेहूब साकारली आहेत की, पाहणाऱ्याचा हात पुढे व्हावा. वर २८ थोर पुरुषांची चित्रे होती. होमर आणि व्हर्जिल यांच्याबरोबर संत अम्ब्रोज, संत ऑगस्टीन आणि संत जेरोम यांनाही तेथे स्थान होते.

फ्रान्समध्ये मिशेल द मोंतेन्य याने १५७१ साली न्यायालयातील कामातून निवृत्त होऊन आपल्या वाड्याच्या एका बुरुजात वाचनाचे ठाणे मांडले. तळमजल्यावर प्रार्थनामंदिर, त्यावर निजायची खोली आणि सर्वांत वर सुमारे एक हजार ग्रंथांची गोल खोली. छताच्या तुळयांवर त्याने लॅटिन आणि ग्रीक वचने लिहवून घेतली होती. आपल्याच घरात ज्याला स्वतःपुरती जागा नाही त्याची त्याला कीव येई. पण हा कोपरा आपण पत्नीपासून आणि मुलाबाळांपासूनही राखून ठेवला आहे, हेही तो मोकळेपणाने सांगतो. येथे थोडे थांबावेसे वाटते. एकाला मिळालेल्या निवांतपणाची किंमत पुष्कळदा घरातले दुसरे कोणीतरी चुकवीत असते. बुरुजात धनी वाचीत असताना खाली स्वयंपाक, गडीमाणसे आणि लेकरे यांच्याकडे कोणीतरी पाहत असणारच.

या दृष्टीने त्या काळची दोन धार्मिक चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. पहिले अंतोनेल्लो दा मेस्सिना याने १४७५ च्या सुमारास रंगविलेले संत जेरोम यांचे चित्र. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. एका भव्य दगडी वास्तूच्या मध्यभागी तीन पायऱ्या चढून जावे असा लाकडी चौथरा आहे. त्यावर मेज, पुस्तकांच्या फळ्या आणि कार्डिनलच्या लाल वस्त्रांतले संत वाचनात गढलेले. पायऱ्यांच्या तळाशी त्यांच्या वहाणा काढून ठेवलेल्या आहेत. चौथऱ्यावर कुंड्यांतली झाडे आहेत, एक मांजर आहे, आणि त्यांचा सिंह उजवीकडच्या सावलीत रेंगाळतो आहे. प्रत्यक्षात संत जेरोम चौथ्या शतकातले. ३८६ पासून ४२० साली मृत्यू येईपर्यंत ते बेथलेहेमच्या मठात राहिले. असे मेज त्यांच्या वाट्याला आले असण्याचा संभव नाही. पवित्र शास्त्राचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या या पुरुषाबरोबर रोमची एक विधवा, संत पावला, आणि तिची कन्या युस्तोखियम याही बेथलेहेमला गेल्या होत्या. त्या दोघींनी हिब्रू भाषा आत्मसात केली होती. अंतोनेल्लोच्या चित्रात मात्र त्यांच्यासाठी आसन नाही.

दुसरे चित्र 'मेरोड' या नावाने ओळखले जाते. फ्लँडर्समधील रॉबर्ट कँपिन याच्या चित्रशाळेत ते १४३० च्या आसपास तयार झाले आणि आज न्यूयॉर्कमध्ये आहे. विषय गब्रिएल दूताच्या आगमनाचा. संत लूकच्या शुभवर्तमानात पुस्तकाचा उल्लेख नाही. तरीही मध्ययुगीन चित्रकारांनी त्या क्षणी पवित्र मरियेच्या हाती पुस्तक दिले. येथे ती साध्या नागरी घरात, लांब बाकाला टेकून, जमिनीलगत बसून वाचते आहे. मेजावर आणखी एक ग्रंथ उघडा पडला आहे, शेजारची मेणबत्ती नुकतीच विझली आहे, एका कोपऱ्यात भांडे टांगले आहे आणि तेथेच टॉवेलही आहे. शेजारच्या फलकावर योसेफ आपल्या कामठ्यात लाकडाला भोके पाडीत बसला आहे. वाचनाची ही जागा कामाच्या घरातलीच आहे. ती बुरुजात नाही, चौथऱ्यावरही नाही. हे चित्र पाहताना मला ओटीवरचे बाकडे आठवते.

पुस्तकाला घरात जागा असण्या-नसण्याने काय घडते, याचे एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत याच भूमीवर राहिले. त्यांनी मराठीत ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा निघाला. आज या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले, त्याचाही फटका अशा ग्रंथांना बसला.

असे असूनही 'क्रिस्तपुराण' आपल्या हाती आहे. याचे कारण, लोकांनी ते हाताने उतरवून घेतले, वाचले, गायिले आणि जपले. अशा हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालडाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापून काढले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. छापखान्याच्या तीन आवृत्त्यांना जे साधले नाही, ते कोणाच्या तरी पेटीने, फळीने, कोनाड्याने साधले. ज्या प्रती अडगळीत गेल्या, त्यांचे काय झाले असेल हे आपल्या हवेत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

हे मी लिहितो आहे ते थोड्या अपराधी मनाने. आई गेल्यावर आमचा कोनाडा हळूहळू विजेची बिले, औषधांच्या बाटल्या आणि मोबाइलच्या तारा यांनी भरला. पुस्तके माळ्यावर गेली. घर उतरवताना गाठोडे खाली काढले तेव्हा खालच्या बाजूला वाळवी लागलेली होती. बायबल बचावले. आईने स्वतःच्या अक्षरात गीते उतरवून ठेवलेली एक वही मात्र हाती घेताच मातीसारखी गळून पडली. त्यातली काही गीते मी तिच्याच तोंडून ऐकली होती. आज त्यांचे धृवपद आठवते, पुढचे आठवत नाही. यात दोष वाळवीचा म्हणता येणार नाही. वही ठेवायची जागा आम्हीच मोडली होती.

नव्या घराच्या भिंती सहा इंची आहेत. त्यांत कोनाडा कोरता येत नाही. म्हणून वेदी आणि खिडकी यांच्यामध्ये जी अडीच फुटांची जागा उरली होती, तेथे सुताराकडून दोन फळ्या मारून घेतल्या. पूर्वेची खिडकी असल्याने सकाळचा उजेड सरळ पानावर येतो; संध्याकाळसाठी डाव्या अंगाला दिवा बसविला. फळ्या भिंतीपासून बोटभर पुढे ठेवल्या, म्हणजे पावसाळ्यात ओल धरत नाही. जुने बाकडे झिलई करून तेथेच मांडले. एकूण खर्च नव्या दूरदर्शन संचाच्या पासंगालाही पुरला नसता.

खरी अडचण फळ्यांची नव्हतीच. तेथे बसलेल्याला हाक मारायची नाही, हे घरातल्या सर्वांच्या अंगवळणी पडायला दोन महिने लागले. सूनबाई तेथे बसली की भाजीचे, दुधाचे, पाहुण्यांचे प्रश्न नेमके तेव्हाच निघत. शेवटी ती वाचत असताना दाराशी कोणी आले तर उठायचे मी, आणि त्या वेळेपुरती चहाची जबाबदारी मुलाची, असे ठरले. मिलानमध्ये बिशपांच्या दालनात मुकाट्याने बसून गेलेल्या माणसांची थोरवी मला तेव्हा उमगली.

आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांत वेदीला मानाची जागा असते. नवे घर घेताना, जुने दुरुस्त करताना तिच्याशेजारी दोन फुटांची जागा पुस्तकासाठी मागून घ्यावी, एवढीच वाचकांना विनंती. घर एका खोलीचे असले तरी चालेल. संत बेनेडिक्ट यांच्या मठवासीयांना तर बिछान्याएवढीच जागा होती. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः जिच्या हाताला दिवसभर उसंत नसते तिला, तेथे बसण्यापुरता वेळ इतरांनी काढून द्यावा.

माझी नात हल्ली तेथे बसते. वरच्या फळीवर पणजीचे बायबल आहे आणि त्याच्याशेजारी एक कोरी वही. आठवतील ती गीते मी तिला सांगतो आणि ती उतरवून घेते. आजवर सात झाली आहेत.