वर्ष 15 म्हणजे नक्की कोणतं वर्ष? मेस्रोव्ब सेठ आणि एक थडगं

कोलकाता कोणी वसवलं, असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं: जॉब चार्नॉक, 24 ऑगस्ट 1690. पण बडाबाजारातल्या आर्मेनियन चर्चच्या आवारात एक थडग्याची शिळा आहे आणि तिच्यावरची तारीख 1630 ची मानली जाते. चार्नॉकच्या साठ वर्षं आधीची! ही तारीख ज्याने वाचली त्या माणसाची आज ओळख करून घेऊ. तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल तर तो तुमच्या कामाचा आहे.

मेस्रोव्ब जेकब सेठ. आडनावावरून आपल्याकडचा एखादा व्यापारी वाटेल, पण गृहस्थ आर्मेनियन. जन्म 1871, इराणमधल्या इस्फहानजवळच्या नव्या जुल्फात. मूळ जुल्फा अरास नदीकाठी होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाह अब्बासने तिथल्या आर्मेनियन लोकांना उठवून इस्फहानला आणलं. पुढे याच वस्तीतले व्यापारी सुरत, आग्रा, बंगालपर्यंत पसरले. मुंबईत फोर्टमध्ये, जुन्या मेडोज स्ट्रीटवर, 1796 चं आर्मेनियन चर्च आहे, तेही याच समाजाचं. सेठ लहानपणी कोलकात्याला आले ते 1821 मध्ये सुरू झालेल्या आर्मेनियन शाळेत शिकायला, आणि इथलेच झाले.

समाज लहान, त्यात विखुरलेला. मागे राहिल्या होत्या थडग्यांच्या शिळा, आणि त्यांच्यावरची जुनी आर्मेनियन वाचणारे थोडे. सेठ त्या वाचत गेले. आग्र्याच्या जुन्या दफनभूमीतलेही लेख त्यांनी वाचले.

1894 मध्ये त्यांना कोलकात्याची ती शिळा सापडली. तेव्हा वय साधारण 23, म्हणजे तुमच्या-माझ्याहूनही लहान. लेखाचा आशय साधा आहे: दिवंगत, दानशूर सुकियास यांची पत्नी रेझाबीबी हिचं हे थडगं. तारीख मात्र नखा महिन्याची 21, वर्ष 15.

आता गंमत बघा. वर्ष 15 कशाचं? नव्या जुल्फाचे व्यापारी अझारियाची कालगणना वापरत. तिचं पहिलं वर्ष म्हणजे 1616. म्हणून 15 मध्ये 1615 मिळवायचे, उत्तर 1630. सेठनी तारीख काढली 11 जुलै 1630.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. भाषांतर छापताना त्यांनी नुसतं 1630 लिहून विषय मिटवला नाही. आधी 'वर्ष 15', मग 'म्हणजे 1630'. आपल्या लॅबच्या भाषेत, रॉ डेटा आणि रूपांतर केलेली किंमत शेजारी-शेजारी. त्यामुळे सव्वाशे वर्षांनीही कोणीही विचारू शकतं की ही कालगणना तीच कशावरून? रूपांतर चुकलं असेल तरी मूळ आकडा हाताशी आहे. तुमच्या एक्सेल शीटमध्ये मूळ रीडिंगवरच फॉर्म्युला चालवून ते पुसून टाकत असाल, तर इथे जरा थांबा.

पण निष्कर्ष? इथे सेठ घाईत वाटतात. या एका शिळेवरून त्यांनी मांडलं की चार्नॉकच्या आधी साठ वर्षं इथे आर्मेनियन वस्ती होती. नमुना किती? एक. शिळा उचलून नेता येते, ती दुसरीकडून आली नसेल कशावरून, ही शंका इतिहासकारांनी घेतली आहेच. चर्च 1724 चं, म्हणजे शिळेवरच्या तारखेनंतर जवळजवळ शतकभराने बांधलेलं. दगड खरा, वाचन पटण्यासारखं, पण वस्ती सिद्ध करायला दुसरा स्वतंत्र पुरावा हवा. आपल्या लोकांचं मूळ खोलवर असावं ही ओढ त्यांना दगडापर्यंत घेऊन गेली, आणि माझ्या मते तीच ओढ त्यांना दगडाच्या एक पाऊल पुढेही घेऊन गेली. (चार्नॉकचं संस्थापकपदही टिकलं नाही. 2003 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या अहवालाच्या आधारे ते काढून घेतलं.)

1895 मध्ये सेठनी भारतातल्या आर्मेनियन लोकांचा इतिहास छापला. बहुतेकांनी तिथेच विषय संपवला असता. हे मात्र 42 वर्षं त्याच विषयाला चिकटून राहिले, आणि 1937 मध्ये सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला. दोनच वर्षांनी, 1939 मध्ये ते गेले. भारतातल्या आर्मेनियन लोकांवर काम करणारा अभ्यासक आजही आधी तोच ग्रंथ उघडतो, बऱ्याचदा त्यातलं काहीतरी खोडून काढायलासुद्धा.