आल्टाचें धरण आणि फोसेनच्या पवनचक्क्या

नॉर्वेचें नांव काढलें कीं हिमाच्छादित पर्वत, खोल शिरलेल्या खाड्या आणि तेथील लोकांची न्यायप्रियता डोळ्यांपुढें येते. या देशाची बहुतेक वीज पाण्यापासून निघते. कोळशाचा धूर तेथें फारसा नाहींच. अशा राष्ट्रानें विजेसाठींच आपल्या एका प्राचीन समाजाशीं दोनदां कलह करावा, आणि दोन्ही वेळां न्यायासनाचा निकाल एका पक्षाकडे व प्रत्यक्ष फळ दुसऱ्याकडे जावें, ही इतिहासांतील विलक्षणच गोष्ट म्हटली पाहिजे.

हा समाज सामींचा. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार राज्यांच्या सीमा त्यांच्या भूमीवरून गेल्या आहेत. त्यांच्यापैकीं थोडेच लोक आज रेनडियर पाळतात. परंतु त्यांची भाषा व चालीरीति यांचा आधार तो कळपच. आपल्याकडील धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरें घेऊन घाट उतरतात, तसे हे कळपही ऋतूप्रमाणें कुरणें बदलतात. अशा फिरत्या माणसाचा जमिनीवरील हक्क कागदावर दिसत नाहीं, आणि जो कागदावर नाहीं तो सरकारला सहसा दिसत नाहीं. दिसला तरी मानवेलच असें नाहीं: १९०२ च्या कायद्यानें फिनमार्क प्रांतांतील सरकारी जमीन विकत घेण्यास नॉर्वेजियन भाषा येणें आवश्यक ठरविलें होतें!

याच प्रांतांतील आल्टा नदीवर धरण बांधण्याची योजना १९७० च्या सुमारास पुढें आली. पहिल्या आराखड्याप्रमाणें मासी हें सामी गांवच बुडावयाचें होतें. गांव वाचलें, पण आकुंचित केलेली योजना १९७८ सालीं पार्लमेंटनें मंजूर केली. कुरणांची हानि होणार होती ती होतीच. पुढल्याच वर्षीं सामी तरुणांनीं राजधानींत पार्लमेंटसमोर आपला परंपरागत तंबू ठोकून उपोषण आरंभिलें, आणि सरकारनें काम कांहीं काळ थांबविलें. जानेवारी १९८१ मध्यें मात्र स्टिला येथें सुमारें सहाशें पोलीस येऊन थडकले, व स्वतःस सांखळ्यांनीं जखडून घेतलेल्या निदर्शकांना त्यांनीं कडाक्याच्या थंडींत एकेक करून उचलून नेलें. १९२१ चा मुळशी सत्याग्रह ठाऊक असलेल्या वाचकांस हें दृश्य सर्वस्वीं परकें वाटणार नाहीं. मुळशीचें धरण झालें, तसें आल्टाचेंही झालें. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारच्या बाजूनें कौल दिला आणि १९८७ सालीं वीज सुरू झाली.

पण येथें गोष्ट संपली नाहीं. लढाई चालू असतांच, १९८० सालीं, सामींच्या हक्कांचा विचार करण्यास समिति नेमावी लागली होती. १९८८ सालीं राज्यघटनेंत सामींची भाषा, संस्कृति व समाजजीवन यांच्या रक्षणाचें कलम आलें. १९८९ सालीं त्यांची स्वतंत्र निर्वाचित सभा उघडली. १९९० सालीं मूलनिवासी जमातींविषयींच्या आंतरराष्ट्रीय करारास प्रथम मान्यता देणारें राष्ट्र नॉर्वेच ठरलें. नदी गेली ती गेलीच. परंतु हरलेल्यांच्या पदरीं बरेंच कांहीं पडलें.

फोसेनचा प्रकार नेमका उलटा. मध्य नॉर्वेंतील या द्वीपकल्पावर वारा भरपूर. आणि पवनचक्की म्हणजे तर धूर नाहीं, बुडीत गांव नाहीं. तिला विरोध करणारा अडाणी किंवा हटवादी ठरणें अगदीं सोपें. परंतु स्टोरहेया व रोआन येथील १५१ पवनचक्क्या ज्या टेकड्यांवर उभ्या राहिल्या तींच सामींच्या कळपांचीं हिवाळी कुरणें. रेनडियर बिचकून त्या जागेपासून दूर राहतात, आणि हिवाळ्यांत कोठें चरावयास मिळतें यावरच कळपाचा टिकाव अवलंबून असतो. दावा चालू असतांच बांधकाम होऊं देण्यांत आलें. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनें २०१८ सालीं स्टोरहेयाचें काम थांबविण्याची विनंति केली, तीही मानली गेली नाहीं.

११ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें सांगितलें कीं, हे परवाने अवैध आहेत, कारण त्यांनीं सामींच्या संस्कृतीचा उपभोग घेण्याच्या हक्कावर घाला येतो. कळप कुंपणांत कोंडून चारा घालण्याचा तोडगाही न्यायालयानें मान्य केला नाहीं. आणि तो योग्यच, कारण मेंढरें दावणीला बांधल्यावर धनगरपण उरतें कोठें? हवामानाच्या रक्षणाचा युक्तिवादही टिकला नाहीं. ती वीज सामींस कमी उपद्रव होईल अशा दुसऱ्या ठिकाणीं निर्माण करतां आली असती, असें न्यायालयाचें म्हणणें. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वारा हवा कीं रेनडियर, असा प्रश्न मुळांत नव्हताच. चक्की कोणाच्या कुरणांत उभारावयाची एवढाच तो होता, आणि तो पहिला दगड बसण्यापूर्वीं विचारावयाचा होता.

निकालानें पातीं मात्र थांबलीं नाहींत. पांचशें दिवस लोटल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्यें, सामी तरुणांनीं मंत्रालयाचीं दारें अडविलीं, तेव्हां सरकारनें हक्कभंग कबूल करून क्षमा मागितली. डिसेंबर २०२३ मध्यें दक्षिण फोसेनच्या कुटुंबांशीं व मार्च २०२४ मध्यें उत्तरेकडील कुटुंबांशीं तडजोड झाली. दक्षिणेकडील करारान्वयें पवनचक्क्या जागच्या जागीं राहिल्या. सामींना वार्षिक भरपाई व अन्यत्र हिवाळी कुरण देण्याचें ठरलें, आणि चालू परवान्याची मुदत संपल्यावर त्या पुढें चालवाव्यात कीं नाहीं याविषयीं नकाराधिकार मिळाला.